काळजी

मराठीत निरोप घेण्याची एक रीत आहे. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस उंबऱ्याशी चपला चढवताना म्हणतो, ‘काळजी करू नका.’ आणि दोन पायऱ्या उतरल्यावर मागे वळून म्हणतो, ‘काळजी घ्या हं.’ जी गोष्ट करू नये म्हणून त्याने आत्ताच बजावले, तीच तो जाता जाता आपल्या पदरात घालतो. ऐकणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. मलाही पन्नास-पंचावन्न वर्षे वाटले नव्हते. गेल्या तीन वर्षांत मात्र या दोन वाक्यांच्या मधल्या पायऱ्यांवर मला पुष्कळ वेळ उभे राहावे लागले आहे. त्या उभे राहण्याची ही हकीकत आहे.

मी नगरची. शहराचे अहमदनगर हे नाव जाऊन २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पण आमच्या तोंडी पहिल्यापासून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे आपले ठाणे केले, तेव्हापासून या जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस नवलाचा राहिलेला नाही. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार बराचसा याच गावात झाला. दिवाळीत शेजारून फराळाची ताटे आमच्याकडे येतात आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. मोहन थोडे कमी पडले तर दोन्हीकडे सारखेच बोलणे होते.

माझे वडील पाळक होते. तीन-चार खेड्यांची मंडळी त्यांच्याकडे असे, आणि सायकलवरून ते ती सांभाळीत. रात्री जेवणे होण्यापूर्वी घरची उपासना ठरलेली. आई पेटी काढी, वडील उपासनासंगीतातले एखादे गीत सांगत, आम्ही भावंडे सूर चुकवीत गात असू. मग शास्त्राचा एक उतारा आणि प्रार्थना. भुकेने पोट ओरडत असताना केलेल्या त्या प्रार्थनांत रोजच्या भाकरीची मागणी आली, की तेवढ्या शब्दांना आमचा आवाज चढे. ‘ताण’ हा शब्द त्या काळी तंबोऱ्याच्या तारेला आणि तंबूच्या दोरीला होता, माणसाला नव्हता. माणसाला घोर लागे, चिंता लागे, काळजी वाटे. पगार तीन-तीन महिने थकलेला असे, म्हणजे काळजीला कारण पुष्कळ होते. तरीही उपासनेनंतर वडिलांचा चेहरा सैल झालेला मी रोज पाहत असे. आणि प्रार्थना ही काळजीवरची मात्रा आहे, हे माझ्या मनात कोणी न शिकवता पक्के बसले.

पुढे मी शिक्षिका झाले. लग्न केले नाही. भावाच्या संसारातच राहिले. तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भाऊ कारखान्यात पाळीवर जाणारा. त्याची मुले शिकायला पुण्यात. घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि माझी भावजय.

माझा दिवस इतर हजारो बायकांसारखाच होता. त्यात सांगण्याजोगी एकही मोठी आपत्ती नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि ते कधी येईल याचा नेम नाही. शाळेत शिकवण्यापेक्षा मोबाइलवर माहिती भरण्याचे काम जास्त. ती भरत असतानाच संध्याकाळपर्यंत आणखी एका तक्त्याची मागणी. औषधांच्या दुकानाची उधारी. पुतण्याच्या वसतिगृहाचे पैसे. मोठे दुःख आले तर माणूस त्याच्यापुढे निदान नीट उभा राहतो. ही बारीकसारीक टोचणी मात्र गोणपाटाच्या कुसळांसारखी. एकही दिसत नाही आणि अंग सारखे चावते.

मी शाळेतून साडेपाचला येई. चहा घेई. मग माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेई आणि अर्धा-पाऊण तास प्रार्थना करी. प्रार्थनेसाठी आपल्या खोलीत जावे, दार लावावे, असे प्रभूनेच सांगितले आहे. त्यामुळे त्या बंद दाराबद्दल मला कधी संकोच वाटला नाही. एकेक काळजी मी नाव घेऊन देवापुढे ठेवी. तक्ता ठेवी, उधारी ठेवी, आईचे आजारपण ठेवी. बाहेर येई तेव्हा खरोखरच हलके वाटत असे. ढोंग नव्हते त्यात. माझ्या मनाला मिळालेली शांती खरी होती, हे मी आजही म्हणेन.

अशाच एका संध्याकाळी मी बाहेर आले. आईच्या खोलीत भावजय एकटीच तिला कुशीवर वळवत होती. पडून राहणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आई अंगाने भारी. भावजयीने एक गुडघा खाटेवर टेकला होता आणि दात आवळून ती ओढत होती. मी दारात उभी राहून प्रसन्नपणे म्हणाले, ‘अगं, इतकी चिडून काय करतेस? प्रार्थना करीत जा थोडी. बघ, किती हलकं वाटतं.’

तिने आईला नीट वळवले, पाठीमागे उशी लावली, चादरीची सुरकुती काढली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘ताई, तुमची प्रार्थना झाली की तुम्ही हलक्या होता, हे मला दिसतं रोज. पण तुम्ही ठेवलेलं ओझं देव उचलतोच असं नाही. बरेचदा ते मीच उचलते.’

मला राग आला. राग यावा यात नवल नाही. खरे बोलणे ऐकले की प्रथम तोच येतो. मी मनात तिच्या अश्रद्धेची कीव केली. दिवसभर शाळेत मी राबते, महिन्याचा पगार घरात देते, मग पाऊण तास देवाला दिला तर काय बिघडले, असा जमाखर्च मांडला. जमाखर्चात मी बरोबर होते. पण रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा शब्दच फुटेना. ज्या दारामागे मी रोज देवाला भेटत होते, त्या दाराच्या बाहेर कोणी तरी दात आवळून उभे आहे, हे आता मला ठाऊक झाले होते.

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक शिक्षक आहेत. देव मानत नाहीत, पण माणूस सरळ. मधल्या सुटीत त्यांच्यापाशी मी विषय काढला. भावजयीचे वाक्य मात्र सांगितले नाही. त्यांनी मला इटलीतल्या डॉक्टरांचा एक प्रयोग सांगितला. तो २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. ‘तेव्हा बाई,’ ते म्हणाले, ‘तुमची शांती खोटी नाही. पण ती ख्रिस्ताची आहे की श्वासाची, हे कसं ठरवणार?’

त्यांना वाटले मी दुखावले जाईन. मला उलट मोकळे वाटले. जपमाळेने मिळते आणि मंत्रानेही मिळते, अशी जी शांती, ती वाईट नाही. देवानेच दिलेल्या छातीत देवानेच दिलेला श्वास संथ चालला, तर त्यात बाटण्यासारखे काय आहे? परंतु तेवढीच जर माझी प्रार्थना असेल, तर तिला श्रद्धा म्हणण्याचे कारण नाही. पाऊण तास गच्चीवर बसून दीर्घ श्वास घेतले असते तरी भागले असते. शांती मिळाली म्हणून प्रार्थना पोहोचली, हा माझा हिशेबच चुकीचा होता. मग प्रार्थना खरी की नाही, हे ओळखायचे कशावरून?

वडिलांचे बायबल माझ्याकडे आहे. समासात त्यांनी बारीक अक्षरात टिपणे केली आहेत. शिक्षणात थोडे ग्रीक त्यांच्या वाट्याला आले होते आणि त्याचा त्यांना लहान मुलासारखा अभिमान होता. डोंगरावरच्या प्रवचनात उद्याची चिंता करू नये असे जिथे सांगितले आहे, तिथे त्यांनी एक ग्रीक क्रियापद लिहून ठेवले आहे : मेरिम्नाओ. आणि पुढे बाण काढून पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय दाखवला आहे. मी तो उघडला. तिथे पौल मंडळीला शरीराची उपमा देतो आणि सगळ्या अवयवांनी एकमेकांची निगा राखावी असे सांगतो. समासात पुन्हा तेच क्रियापद : मेरिम्नाओ. एका ठिकाणी जे करू नका म्हटले आहे, तेच दुसऱ्या ठिकाणी करा म्हटले आहे. आणि खाली वडिलांच्या अक्षरात दोनच शब्द, ‘आपली काळजी’. आपली म्हणजे आपल्या मराठीतली.

तेव्हा उंबऱ्यावरच्या त्या निरोपाचा अर्थ मला प्रथम लागला. शब्द एकच आहे. ‘करणे’ आणि ‘घेणे’ यांत सगळा फरक आहे. काळजी करतो तेव्हा माणूस स्वतःभोवती फिरतो, घाण्याच्या बैलासारखा. काळजी घेतो तेव्हा त्याचा हात दुसऱ्याच्या पाठीखाली जातो. मी रोज संध्याकाळी देवापुढे काळजी करणे खाली ठेवत होते, ते योग्यच होते. पण त्याच्याबरोबर मी काळजी घेणेही खाली ठेवून मोकळी होत होते, आणि ते उचलायला घरात एकच बाई होती. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशाला लावतो. खाटल्यावर पडलेल्याला हरी जे देतो, ते कोणाच्या तरी हातून देतो, एवढे त्या म्हणीत सांगायचे राहून गेले आहे.

कष्टलेल्यांनी आणि ओझ्याने वाकलेल्यांनी माझ्याकडे यावे, मी त्यांना विसावा देईन, असे येशूने म्हटल्याचे मत्तयाने लिहिले आहे. आमच्या कित्येक घरांत भिंतीवर ते टांगलेले असते. भिंतीवर येते ते बहुधा पहिले वाक्य. त्याच्याच पुढे तो म्हणतो, की माझे जू आपल्या मानेवर घ्या. विसाव्याचे आमंत्रण, आणि लगेच जू! लहानपणी खेड्यांत मी खोंड शिकवताना पाहिले आहेत. नव्या खोंडाला एकटा कोणी जुंपत नाही. त्याला मुरलेल्या बैलाशेजारी धरतात. जू दोघांच्या मानेवर असते, ओढ बरीचशी जाणता बैल घेतो, आणि चालता चालता खोंड चाल शिकतो. तेव्हा येशूने देऊ केलेला विसावा हा औत सोडून झाडाखाली बसण्याचा नव्हे. औत चालूच आहे. शेजारी कोणी तरी आहे, एवढाच तो विसावा. आणि तो थोडा नाही. पण जू मानेवर घेतलेच नाही, तर शेजारीही कोणी नसतो.

गेथशेमानेची कथा मी शेकडो वेळा वाचली आहे. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. आपल्याला धरून नेणार हे कळलेला येशू त्या रात्री जैतुनाच्या बागेत जातो आणि हा प्याला टळावा म्हणून विनवतो. एकदा नव्हे, तीनदा. प्याला टळत नाही. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो, त्याला प्रार्थनेने ताणातून सुटका मिळाली नाही, ही गोष्ट प्रार्थनेला मात्रा समजणाऱ्या माझ्यासारखीने फार पूर्वीच लक्षात घ्यायला हवी होती. पण त्या कथेतले दुसरेच काही तरी मला आता दिसले. त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर नेले होते, आणि त्यांच्याकडे एवढेच मागितले होते, की माझ्याबरोबर जागे राहा. देवाला विनवणाऱ्यालाही माणसाची सोबत हवी होती. आणि ते तिघे झोपले. इतकी वर्षे ही कथा वाचताना मी नकळत प्रार्थना करणाऱ्याच्या जागी स्वतःला बसवीत आले होते. माझी जागा त्या झोपलेल्या तिघांत होती. बंद दारामागे मी प्रार्थना करीत होते खरी, पण जिने माझ्या सोबतीची वाट पाहिली, तिच्या दृष्टीने मी झोपलेच होते.

पंडिता रमाबाईंचे केडगाव मी मुलींची सहल घेऊन पाहिले आहे. नगरला लागून असलेले केडगाव नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी उपाशी, निराधार बायका-मुली आणल्या आणि त्यांच्यासाठी तिथे मुक्ती उभी केली. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या बाई होत्या, हे त्यांच्या टीकाकारांनीही नाकारले नाही. पण त्या प्रार्थनेच्या शेजारी विहीर होती, शेत होते, माग होता, छापखाना होता. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. मूळ भाषांवरून मराठीत आणलेले त्यांचे बायबल १९२४ मध्ये पुरे छापून निघाले. एवढे ओझे घेऊन ती बाई झोपत कशी असेल, हा प्रश्न मला पूर्वी पडे. आता वाटते, तिने काळजी करण्याचा वाटा देवाला दिला होता आणि घेण्याचा वाटा स्वतःकडे ठेवला होता. माझी वाटणी नेमकी उलटी झाली होती.

पुढे काय झाले ते सांगते. चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी चहा घेतला आणि माझ्या खोलीत न जाता आईच्या खोलीत गेले. भावजय म्हणाली, ‘तुमची वेळ झाली ना?’ मी म्हटले, ‘इथंच करते.’ आईला वळवायला दोघी लागलो. ती काम करते तेव्हा तोंडाने काही तरी पुटपुटते, हे त्या दिवशी प्रथम मला ऐकू आले. उचलण्याच्या आधी ती म्हणते, ‘प्रभू, बळ दे.’ तीन शब्द. रोज आठ-दहा वेळा. तिला मी प्रार्थना शिकवायला निघाले होते!

आणि आई. झटक्यानंतर तिला माझे नाव घेता येत नाही. पाणी हवे तर ती हाताने दाखवते. पण आम्ही दोघींनी तिच्या उशाशी प्रभूची प्रार्थना सुरू केली, तेव्हा तिसरा आवाज आला. जडावलेला, पण शब्द न् शब्द बरोबर. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, असे होते. जन्मभर पाठ असलेले म्हणणे आणि गाणे वाचा गेलेल्यालाही पुष्कळदा येते. त्यांचे म्हणणे खरे असणार. मी मात्र त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट ऐकली. त्या प्रार्थनेत ‘मी’ नाही, ‘माझे’ नाही. बाप आमचा आहे, भाकर आमची आहे, अपराधही आमचेच आहेत. आणि भाकर मागायची ती आजची, वर्षाची नव्हे. साठ वर्षे आईने ती म्हटली, पन्नास वर्षे मी म्हटली, आणि दार लावून एकटीने म्हणताना ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे स्वतःला विचारायचे राहूनच गेले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, की मग प्रार्थनेची गरजच काय? हात लावा आणि मोकळे व्हा. मलाही काही दिवस तसे वाटले. पण सगळ्याच काळज्या घेता येण्याजोग्या नसतात. आईची उजवी बाजू परत येणार नाही. पुतण्या पुण्यात रात्री दुचाकीवरून फिरतो, तेव्हा त्याच्या मागे मी बसू शकत नाही. आई जाईल तेव्हा कशी जाईल, हे माझ्या हातात नाही. तिथे हात पोहोचत नाही, आणि नुसते काळीज कुरतडत राहते. ती काळजी घेणारा माझ्याहून मोठा कोणी तरी हवा. आणि तो आहे, यावर माझा विश्वास आहे. हे मला सिद्ध करता येत नाही. विज्ञानाच्या सरांनाही ते मी पटवायला जात नाही. एवढे मात्र पाहिले आहे, की जे माझ्या हातचे नाही ते त्याच्याकडे दिले, तरच जे माझ्या हातचे आहे त्याला हात रिकामे होतात. ते रिकामे झालेले हात पुढे काय करतात, यावरून ती प्रार्थना ओळखावी.

मी सुधारले, असे म्हणायचे धाडस करणार नाही. कित्येक संध्याकाळी शाळेतून येते ती अशी की कोणाचा शब्द नको वाटतो. तेव्हा मी खोलीत जाते आणि दार लावते. येशूही गर्दी सोडून डोंगरावर जात असे. तेव्हा त्या दाराला दोष देणार नाही. फक्त कडी घालत नाही. पलीकडून खाट कुरकुरल्याचा आवाज आला, की प्रार्थना जिथे असेल तिथे सोडून उठते. पहिल्यांदा वाटले होते, की अर्धवट राहिली. आता तसे वाटत नाही.

तक्ते अजून भरायचेच आहेत. पाणी अजून एक दिवसाआडच येते. भावजयीची पाठ अजून दुखते, पण रविवारी ती आता मंडळीत येऊ शकते. त्या सकाळी आईपाशी मी असते. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू फराळाचे विचारायला आल्या होत्या. जाताना उंबऱ्याशी चपला घालताना म्हणाल्या, ‘काळजी करू नका’, आणि खाली उतरून, मागे वळून, ‘काळजी घ्या हं.’ आम्ही दोघीही दारात होतो. भावजयीने माझ्याकडे पाहिले आणि हसली. मग म्हणाली, ‘चला ताई, दोन तास झाले.’